विरजण लावलेलं पाणी

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातून माणूस काय काय आणेल? फळं आणेल, सुकामेवा आणेल, घर सजवायच्या माळा आणेल. मी मात्र तिथून आणला एक मळका, काळपट, चिखलासारखा वास मारणारा स्पंजाचा तुकडा! तोही पिशवीत पाणी घालून, तोंड सैल बांधून, लोणावळ्यापर्यंत मांडीवर धरून. गाडीत समोर बसलेल्या आजींनी दोनदा नाकाला पदर लावला. शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच, "अहो, आहे तरी काय त्यात?"

"विरजण आहे, आजी," मी म्हणालो.

आजींनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि त्या जरा खिडकीकडे सरकल्या.

आता ही गोष्ट पहिल्यापासून सांगतो.

आमची शाळा मावळात, इंद्रायणीच्या खोऱ्यात. वर्ग चौथीचा, पट एकवीस. दिवाळीची सुट्टी संपल्यावर आम्ही वर्गात माशांची टाकी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून मासेही आणले. कसे निवडले? रंग बघून! दोन नारिंगी गोल्डफिश, दोन काळ्या मॉली, दोन पट्टेवाले टायगर बार्ब आणि लांब पंखांचा एक चंदेरी एंजल. सात मासे. मुलं इतकी खूश, की मधल्या सुट्टीत कुणी मैदानावर जाईना.

स्वच्छतेचा तर आम्ही विडाच उचलला होता. दर दोन दिवसांनी सगळं पाणी उपसायचं, काच घासायची, खडी नळाखाली खळखळून धुवायची आणि टाकी ताज्या पाण्याने भरायची. टाकी कशी लख्ख दिसायची!

तिसऱ्या दिवशी एंजलचे पंख कुरतडलेले दिसले. पाचव्या दिवशी दोन मासे पाण्यावर उलटे तरंगत होते. आणि आठव्या दिवशी सकाळी वर्ग उघडला, तेव्हा लख्ख टाकीत एकही मासा जिवंत नव्हता.

त्या दिवशी वर्गात पाढेसुद्धा हळू आवाजात म्हटले गेले. शाळा सुटल्यावर खिडकीजवळ बसणारा एक मुलगा मागे रेंगाळला. दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत तो म्हणाला, "गुरुजी, मी रोज त्यांना बिस्कीट घालत होतो. माझं अर्धं. माझ्यामुळेच मेले ना ते?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. "नाही रे," म्हणायला काय जातं? पण ते खरं असायला हवं ना! माहीत नसताना मुलाला धीर कसा द्यायचा? त्या दिवसापासून तो रिकाम्या टाकीकडे पाठ करून बसू लागला. मग मी ठरवलं, या प्रश्नाचं उत्तर शोधायचंच. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास माशांची जुनी दुकानं आहेत, हे ऐकून होतो. डिसेंबरात एका सुट्टीच्या दिवशी पहाटेच निघालो.

लोणावळ्याहून सिंहगड एक्सप्रेस पकडली. बोरघाटात अजून धुकं होतं. बोगद्यामागून बोगदे गेले, खाली कर्जतचे डोंगर दिसू लागले आणि गारठा सुटला. घाट उतरला की हवा कशी बदलते, हे तुम्हीही अनुभवलं असेल. ही हवेची गोष्ट पुढे कामाला येणार आहे, बरं का!

मुंबई जवळ येऊ लागली, तशी मला माझी लहानपणची सहल आठवली. तेव्हा आम्हांला मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला नेलं होतं. १९५१ साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं होतं. अंधाऱ्या दालनात उजळलेल्या काचा आणि काचांमागे कासवं, रंगीत मासे! मी काचेला नाक लावून मासे बघत राहिलो होतो. पण त्या माशांभोवतीचं पाणी कुणी राखलं होतं, ते कसं राखतात, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. ते मत्स्यालय अलीकडे बंद असल्याने तिथे जाऊन विचारण्याची सोय आता नव्हती.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून दहा मिनिटं चाललं, की क्रॉफर्ड मार्केटचा मनोरा दिसतो. ही मंडई १८६९ सालची. आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर, त्यांच्यावरून हे नाव पडलं. आज तिचं अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई असं आहे. दारावर थांबून वर नक्की बघा. तिथे शेतकऱ्यांची कोरीव शिल्पं आहेत. ती लॉकवूड किपलिंग यांनी घडवली. 'जंगल बुक' लिहिणाऱ्या रुडयार्ड किपलिंगचे हे वडील!

मंडईच्या गर्दीतून वाट काढत, हातगाड्या चुकवत मी माशांच्या दुकानांपाशी पोचलो. काय ते दृश्य! दाराशी दोऱ्यांना फुगलेल्या पिशव्या टांगलेल्या आणि प्रत्येक पिशवीत जिवंत रंग. आत भिंतभर टाक्या. बुडबुड्यांचा एकसारखा बुडबुड आवाज. एका दुकानात पांढऱ्या मिशांचे एक काका जाळीने टाकीतला कचरा काढत होते. गिऱ्हाईक कमी झाल्यावर मी त्यांना आमची सगळी हकिकत सांगितली. बिस्किटासकट.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, टाकी किती दिवसांनी धूत होता?"

"दर दोन दिवसांनी. अगदी घासूनपुसून!" मी जरा अभिमानानेच सांगितलं.

"पाणी कुठलं?"

"ग्रामपंचायतीच्या नळाचं."

"त्यात टीसीएल पावडर टाकतात ना?"

"हो, टाकतात की. पिण्याचं पाणी शुद्ध करायला."

काकांनी जाळी खाली ठेवली. "मग मास्तर, बिस्किटाचं नंतर बघू. आधी तुमचंच बघू!"

आणि त्यांनी मला दुकानातच शिकवणी दिली. ती मी तुम्हांला माझ्या शब्दांत सांगतो.

मासा पाण्यातच खातो, पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच शी-शू करतो. त्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया नावाचं विष तयार होतं. त्याला रंग नसतो, म्हणून पाणी लख्ख दिसलं तरी ते चांगलं असेलच असं नाही. नदीत हे विष वाहून जातं, विरून जातं. टाकीत ते कुठे जाणार?

त्यासाठी निसर्गाने कामगार नेमले आहेत. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू! एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे थोड्या प्रमाणात असेल तर माशांना फारसं बाधत नाही. काही नायट्रेट पाणवनस्पती खतासारखं वापरतात आणि उरलेलं आपण थोडं पाणी बदलून काढून टाकायचं.

"हे कामगार राहतात कुठे?" काकांनी मला विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "खडीवर, काचेवर आणि सगळ्यांत जास्त फिल्टरच्या स्पंजात. नव्या टाकीत ते नसतात. त्यांची वस्ती वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही पहिल्याच दिवशी सात मासे सोडलेत. वर दर दोन दिवसांनी खडी धुऊन, जी काही वस्ती होत होती तीही मोडून टाकलीत. आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माणसाच्या पोटातले रोग टाळतं, पण माशाचे कल्ले जाळतं."

मी गप्प झालो. इतके दिवस ज्या लख्ख टाकीचं मला कौतुक होतं, ती लख्ख होती म्हणूनच मासे मेले होते! मुलाच्या बिस्किटाने घाण वाढली होती, हे खरं. पण खरा घाव माझ्या हातून बसला होता.

मी विचारलं, "मग आता काय मासे देता?"

"आज मासे द्यायचा नाही मी तुम्हांला," काका म्हणाले. धंदा करणारा माणूस गिऱ्हाइकाला असं सांगतो, हे मी प्रथमच पाहिलं. त्यांनी एका भरल्या टाकीतला फिल्टर उचलला, त्याच्या जुन्या स्पंजाचा मूठभर तुकडा कापला आणि टाकीतल्याच पाण्यात बुडवून पिशवीत दिला. "या टाकीत कित्येक महिन्यांत आजार नाही. हे तुमचं विरजण. दुधाचं दही करायला घरात कुणी दुकानातून दही-पावडर आणतं का? कालचं चमचाभर दहीच घालतो ना? तसंच हे. ओलं ठेवा, सुकलं की मेलं. हवाही लागते, म्हणून तोंड घट्ट बांधू नका. घरी गेल्यावर नव्या स्पंजाला खेटून ठेवा. पाणी मुरू दे. मग या माशांना."

असा तो स्पंज माझ्या मांडीवर आला आणि गाडीतल्या आजी खिडकीकडे सरकल्या!

दुसऱ्या दिवशी वर्गात एकवीस चेहरे माझ्या पिशवीकडे टक लावून बसले होते. आतून निघाला काळा स्पंज. एक मोठा सुस्कारा ऐकू आला. मी फळ्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "मुलांनो, आपले मासे कशाने मेले, ते मला कळलं. जास्त चूक माझी होती." आणि सगळं सांगितलं. खिडकीजवळचा मुलगा पहिल्यांदाच टाकीकडे वळून बसला.

पण एका मुलीचं समाधान झालं नाही. ती म्हणाली, "गुरुजी, मग ओढ्यातले दगड कोण धुतं? तिथे तर कुणीच टाकी साफ करत नाही!"

प्रश्न इतका छान होता, की शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही गावामागच्या ओढ्यावरच गेलो. डिसेंबरात ओढा शांत असतो. पाणी घोट्याएवढं, तळ स्वच्छ दिसणारं. मुलांनी पाण्यातल्या दगडांवर हात फिरवला. "बुळबुळीत आहेत!" अहो, तोच तर ओढ्याचा स्पंज! त्या बुळबुळीत थरात शेवाळ असतं आणि लाखो जिवाणूही. ओढा दगड धूत नाही. दगडांवरची ही वस्तीच ओढ्याला धुते.

मग आम्ही अर्धा तास काठावर मुकाट्याने बसून नुसतं बघितलं. पाण्याच्या वरच्या थरात चपळ, बारीक मासे प्रवाहाला तोंड करून पोहत होते. मधल्या थरात जरा मोठे मासे घोळक्याने फिरत होते. तळाशी दगडाला चिकटून एक मासा शेवाळ खरवडत होता. "मळ्या!" दोघातिघांनी एकदम ओळखलं. या मळ्याचीही एक गंमत आहे. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांमधले मासे अभ्यासले आणि १८३९ साली त्यांची वर्णनं छापली. त्यातल्या कित्येक माशांना त्याने इथल्या लोकांच्या तोंडची मराठी नावंच दिली. म्हणून आपल्या मळ्याचं शास्त्रीय नाव आजही 'गारा मुल्या' असं आहे. लंडनच्या पुस्तकात मावळातला शब्द!

ओढ्यात भांडणं कमी का होती? कारण प्रत्येकाचा मजला वेगळा. वाड्यात कसं, कुणी माडीवर, कुणी सोप्यात, कुणी अंगणाशी राहतं. शिवाय घोळक्यात राहणाऱ्याला घोळका होता आणि लपायला दगड, मुळ्या होत्या. आम्ही मात्र टाकीत कोणाशेजारी कोणाला ठेवलं होतं? टायगर बार्बला दुसऱ्याचे लांब पंख कुरतडायची खोड. त्यांच्या शेजारी लांब पंखांचा एंजल! गोल्डफिशला पाणी जरा थंड आवडतं, तो मोठा होतो आणि घाणही खूप करतो. नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. तो आमच्या छोट्या टाकीचा पाहुणाच नव्हे. गोल काचेच्या भांड्याचा तर नव्हेच नव्हे.

निघताना एकाने विचारलं, "गुरुजी, पुढे टाकीत मासे जास्त झाले, तर इथे सोडायचे?"

"मुळीच नाही!" मी म्हणालो आणि वाळूत काठीने नकाशा काढला. आपला ओढा इंद्रायणीला मिळतो. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. भीमा पुढे उजनी धरणात जाते. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात आता सकर मासा येतो, अशा बातम्या आपण वाचतो. हा मासा दक्षिण अमेरिकेतला. काच साफ करतो म्हणून तो टाकीसाठी विकला जातो. विकत घेताना बोटाएवढा आणि वाढल्यावर फूटभराहून मोठा. टाकीत मावेना, की लोक नदीत सोडतात. मग तो गावच्या माशांचं अन्न खातो आणि आपल्या काटेरी अंगाने जाळी फाडतो. तेव्हा टाकीतला मासा नदीत नाही आणि नदीतला टाकीत नाही. जास्त झाले तर दुकानात परत द्यायचे किंवा दुसऱ्या टाकीवाल्याला द्यायचे.

सोमवारपासून टाकी पुन्हा मांडली. आधी गणित केलं. ६० सें.मी. गुणिले ३० गुणिले ३० म्हणजे ५४,००० घन सें.मी., म्हणजे ५४ लिटर. एक लिटर पाणी एक किलोचं. म्हणजे काच आणि खडी सोडून नुसतं पाणीच ५४ किलो! आमचा जुना बाक मधे का वाकला होता, ते तेव्हा कळलं. टाकी भक्कम टेबलावर ठेवली, खिडकीच्या उन्हापासून दूर, कारण ऊन लागलं की पाणी हिरवं होतं. नळाचं पाणी उघड्या बादल्यांत एक दिवस ठेवून क्लोरीन उडू दिलं आणि मग भरलं. पाणवनस्पती लावल्या. लपायला दगड रचले. नव्या स्पंजाला खेटून काकांचा स्पंज ठेवला आणि पंप सुरू केला. मासे मात्र नाहीत.

कामगारांना जगायला अमोनिया हवा. म्हणून रोज चिमूटभर खाणं टाकायचं आणि ते पाण्यात कुजू द्यायचं. थेंबाथेंबाने पाणी तपासायची एक पेटी मिळते, ती आणली. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पिवळा म्हणजे अमोनिया नाही, हिरवा म्हणजे आहे. दर बुधवारी आणि शनिवारी मुलांनी तक्त्यावर रंग भरला. पहिल्या आठवड्यात पिवळ्याचं हिरवं झालं. मग हिरवं फिकं पडू लागलं आणि नायट्राइटचा जांभळा रंग चढला. मग जांभळाही उतरू लागला. वर्गात क्रिकेटच्या धावफलकासारखी चर्चा! "आज जांभळा किती?"

वाट बघणं सोपं नव्हतं. रिकाम्या टाकीला कोण बघणार? शेजारच्या वर्गातली मुलं चिडवायची, "चौथीवाले पाणी पाळतात!" आमची मुलं आधी चिडायची, मग तेच अभिमानाने सांगू लागली. "हो, पाळतो आम्ही पाणी!"

याच दिवसांत मी जुनी माहिती वाचून मुलांना सांगितली. १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने एका भांड्यात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली होती. कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागलं, तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्या कुजकी पानं खाऊ लागल्या आणि पाणी निवळलं. जिवाणूंचं काम त्याला ठाऊक नव्हतं. ते जिवाणू विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. म्हणजे माणसाला जे कळायला चाळीस वर्षं लागली, ते आम्ही महिन्याभरात तक्त्यावर पाहत होतो!

तेहतिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. त्या आठवड्यात रोजचं खाणं टाकूनही रंग तसाच राहिला. विरजण लागलं होतं.

मी पुन्हा मुंबईला गेलो. काकांनी लगेच विचारलं, "गावाकडे रात्री पाणी किती गार होतं?" म्हणून सांगितलं ना, हवेची गोष्ट कामाला येणार आहे! मावळातला हिवाळा आणि अधूनमधून जाणारी वीज पाहता, पाणी गरम ठेवणाऱ्या हिटरच्या भरवशावर जगणारे नाजूक मासे आम्हांला परवडणारे नव्हते. काकांनी निवडून दिले सहा झेब्रा डॅनिओ. निळ्या-रुपेरी पट्ट्यांचे, बोटाच्या दोन पेरांएवढे, थोडा गारवा सोसणारे, वरच्या मजल्यावर घोळक्याने बागडणारे. हा मासा आपल्याच देशातला. हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं. 'डॅनिओ' हे नावही त्यांनी बंगालच्या लोकांच्या बोलीतून घेतलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत हृदय, मेंदू, आजार यांच्या अभ्यासासाठी हा मासा पाळला जातो.

शाळेत पोचल्यावर घाई केली नाही. पिशवी बंदच टाकीवर वीस मिनिटं तरंगत ठेवली, म्हणजे आतलं आणि बाहेरचं पाणी सारखंच गार होतं. मग पिशवीत टाकीतलं थोडं थोडं पाणी घातलं. शेवटी जाळीने मासे उचलून सोडले. पिशवीतलं पाणी ओतून दिलं. मासे सोडायचा मान कुणाला? मुलांनीच ठरवलं. खिडकीजवळच्या मुलाला. त्याचा हात थरथरत होता. सहाही डॅनिओ एका रेघेत सुळकन वर गेले.

आठव्या दिवशी कुणीच काही बोललं नाही. पण त्या सकाळी सगळी मुलं शाळा भरायच्या आधीच दाराशी हजर होती! मी कुलूप काढलं. सहा होते. सहाही पोहत होते.

दोन आठवड्यांनी मधल्या मजल्यासाठी तीन प्लॅटी आणले. तिघेही नर, कारण प्लॅटीची मादी थेट पिलंच देते आणि बघता बघता टाकी भरून जाते. नवा पाहुणा आधी वेगळ्या टबात ठेवायचा, अंगावर साखरेच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसत नाहीत ना ते बघायचं आणि मगच त्याला टाकीत घ्यायचं, हा नियम केला. मार्चमध्ये ऊब आल्यावर तळमजल्याला पाच कोरी आले. मिशांनी वाळू हुंगत फिरणारे गमतीदार मासे! एकदम सगळे आणले असते, तर कामगारांवर एकाच दिवशी चौदा जणांचा बोजा पडला असता. म्हणून थोडे थोडे.

सगळं गोड झालं असं नाही. फेब्रुवारीत एक प्लॅटी मेला. पाणी तपासलं, ते चांगलं होतं. कारण कळलं नाही. सगळ्याच मरणांची कारणं हाती लागत नाहीत. मुलांनी त्याला जास्वंदीखाली पुरलं आणि तक्त्यावर तारीख लिहिली. एकदा दुपारभर वीज गेली आणि पंप थांबला. तेव्हा मुलांनी पाळीपाळीने फुलपात्राने पाणी उचलून वरून ओतलं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. आता बॅटरीवरचा छोटा पंप जवळ ठेवला आहे.

तुमच्या घरी टाकी असेल किंवा आणायचा हट्ट चालू असेल, तर आईबाबांना हे वाचून दाखवा. आधी पाणी मुरवा, मासे नंतर. एकमेकांशी जमणारे आणि आपल्या पाण्याला, हवेला मानवणारेच मासे निवडा. खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदला, सगळं कधीच नाही. आणि स्पंज फार तुंबला, तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळा. नळाखाली धरू नका!

आमच्या शाळेत शनिवारचं पाणी बदलायचं काम त्या खिडकीजवळच्या मुलाकडे आहे. परवा पहिलीतला एक चिमुरडा बिस्कीट घेऊन टाकीशी आला. मी उठणार, तोच आमच्या गड्याने त्याला थांबवलं. रागावला नाही. बिस्कीट त्याचं त्यालाच खायला लावलं, स्टुलावर उभं केलं आणि स्पंजाकडे बोट दाखवून म्हणाला, "ते काळं दिसतंय ना? त्याला आधी नमस्कार कर. मासे त्याच्यामुळे आहेत."